आठवण कोणी ठेवायची? एका घरातल्या जबाबदारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब माझ्याकडे आलं ते मेलेल्या माशांवरून.

घरात आई, बाबा, आजी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. मुलाला इथे दादा म्हणते आणि मुलीला छोटी, कारण घरातही सगळे त्यांना असंच हाक मारतात. बाकी ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईबाबा दोघंही नोकरी करणारे, आजी म्हणजे बाबांची आई.

दादाने वाढदिवसाला माशांची टाकी मागितली होती. अट एकच होती, माशांना खाणं घालायचं काम त्याचं. पहिला आठवडाभर तो टाकीसमोरून हलत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात आई आठवण करू लागली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पद्धतच पडून गेली: आईने आठवण करायची, दादाने ‘हो’ म्हणायचं, आणि तो उठेपर्यंत थांबायचं की नाही हे त्या दिवशीच्या घाईवर ठरायचं. घाई असली की आईच चिमूटभर टाकून मोकळी व्हायची. दुपारी आजीला वाटायचं, बिचारे उपाशी असतील. संध्याकाळी दादाला कधीतरी आपणहून आठवायचं, मग तोही टाकायचा. न खाल्लेलं खाणं टाकीच्या तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि टाकी नवी असेल तर तो संपवणारे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात. पाणी दुधाळ झालं. सहापैकी चार मासे आठवडाभरात गेले. उरलेले दोन बाबांनी ओळखीच्या एका घरी नेऊन दिले.

पहिल्या भेटीत बाबांनी निकाल देऊनच सुरुवात केली. “याच्या किती कानीकपाळी ओरडा, पालथ्या घड्यावर पाणी.” दादा खाली मान घालून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

मला मात्र त्या हकिकतीत दुसरंच काहीतरी दिसत होतं. मासे उपासमारीने मेलेच नव्हते. तीन माणसं एकच काम करत होती आणि आजचं काम झालंय की नाही हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

नेमकी अडचण काय होती

पहिल्या आठवड्यात मी काहीच बदलायला सांगितलं नाही. आईने फक्त एक करायचं: कोणालाही कशाचीही आठवण करून दिली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक रेघ मारायची. सात दिवसांत ६१ रेघा झाल्या. त्यातल्या बहुतेक दादासाठी, काही छोटीसाठी, आणि नऊ बाबांसाठी. हा शेवटचा आकडा आईने जरा आवाज चढवूनच सांगितला.

मग घरातल्या कामांची यादी केली आणि पुढे दोन रकाने आखले. एकात ‘करतं कोण’, दुसऱ्यात ‘लक्षात कोण ठेवतं’. पहिल्या रकान्यात सगळ्यांची नावं होती. कपडे वाळत घालायला दादा, रुमालांच्या घड्या घालायला छोटी, केर बाहेर न्यायला बाबा. वरवर पाहिलं तर कामं बऱ्यापैकी वाटलेली. दुसऱ्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत ‘आई, आई, आई’.

कुठल्याही कामाचे चार तुकडे असतात. ते करायचंय हे लक्षात येणं, उठून सुरुवात करणं, प्रत्यक्ष करणं, आणि नीट पुरं झालं का ते बघणं. या घरात मुलांच्या वाट्याला फक्त तिसरा तुकडा येत होता. आपल्याकडे अशा माणसाला सांगकाम्या म्हणतात, आणि सांगकाम्याला बेजबाबदार ठरवणं मला फारसं न्याय्य वाटत नाही. ज्याची आठवण दुसऱ्याच्या डोक्यात आहे, ते काम त्या दुसऱ्याचंच असतं. दादाला हे कळलेलं होतं, अगदी हुशारीने कळलेलं होतं. “आई सांगतेच,” असं तो मला सहज म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. पाऊस येणार असेल तर ढग दिसतातच, तितक्या साधेपणाने म्हणाला.

समोर असलेले पर्याय

ताऱ्यांचा तक्ता या घराने वर्षभरापूर्वीच करून पाहिला होता. काम केलं की एक तारा, वीस तारे झाले की हवी ती वस्तू. बाबांना तो पुन्हा सुरू करायचा होता, कारण “तेव्हा तीन आठवडे घर कसं लख्ख होतं.” पुढे काय झालं ते आईने सांगितलं. दादा प्रत्येक कामाआधी ‘किती तारे?’ विचारू लागला, मग घासाघीस करू लागला, आणि हवी ती वस्तू मिळाल्यावर ये रे माझ्या मागल्या. छोटीचं त्याहून वाईट झालं. ती पाच वर्षांची असल्यापासून सगळ्यांच्या रुमालांच्या घड्या घालायची, कोणी न सांगता, गाणं म्हणत. तक्ता आल्यावर त्यालाही तारा मिळू लागला. तक्ता भिंतीवरून उतरला आणि घड्याही बंद झाल्या.

याला मानसशास्त्रात जुना आधार आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधी सांगून ज्यांना सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र दिलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. बक्षिसाची आधी कल्पना न देता ते अचानक दिलं गेलं, त्या मुलांची आवड टिकून राहिली.

पण हा प्रयोग सरसकट लावू नये. तो आवडीच्या गोष्टीबद्दल आहे. मळके मोजे गोळा करण्याची आवड दादाला कधीच नव्हती, त्यामुळे ताऱ्यांनी ती मारली असं काही म्हणता येत नाही. त्याचं नुकसान वेगळं होतं. तक्ता भरायचा कोणी, मोजायचा कोणी, आज तारा लागला का हे बघायचं कोणी? पुन्हा आईच. आठवण आहे त्याच डोक्यात राहिली, वर हिशेब वाढला.

दुसरा पर्याय शिक्षेचा, म्हणजे प्रत्यक्षात टॅबलेट काढून घेण्याचा. तो अधूनमधून चालूच होता. दप्तर भरलं नाही, टॅबलेट बंद. कपडे जमिनीवर, टॅबलेट बंद. आल्फ्रेड अॅडलर यांच्या विचारपरंपरेतले रुडॉल्फ ड्रायकर्स यांचा आग्रह असा होता की, परिणामाचा कृतीशी काहीतरी संबंध असावा, नाहीतर मुलाच्या दृष्टीने ती फक्त मोठ्यांची ताकद असते. इथे तसंच झालं होतं. दादा टॅबलेटच्या बाजूने वकिली करण्यात तरबेज झाला होता, कपडे जिथल्या तिथे.

तिसरा पर्याय कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मीच मांडला: आईने सगळं स्वतः करणं आणि वाद थांबवणं. आजारपण असेल, तान्हं बाळ असेल, घर बदलायचं असेल, तर काही महिने हाच पर्याय शहाणपणाचा असतो. या घरात तशी वेळ नव्हती. शिवाय आई इतकी थकलेली होती की, तिने तो हसूनच बाजूला सारला.

उरला चौथा. कामं कमी द्यायची, प्रत्येकाला एकच, पण चारही तुकड्यांसकट. आणि मग मोठ्यांनी मधे पडायचं नाही.

काम निवडताना

‘मधे पडायचं नाही’ हे कागदावर छान दिसतं. म्हणून काम निवडण्यावरच आम्ही दोन भेटी घालवल्या. बिघडलं तर सोसायचं कोणाला, हा पहिला प्रश्न. माशांच्या वेळी सोसलं माशांनी. मुलाला काहीतरी शिकवायला जिवंत प्राणी पणाला लावणं मला मान्य नाही. प्राणी घरात आणला की त्याची अंतिम जबाबदारी मोठ्यांचीच राहते, मुलाला काहीही वाटलं तरी. दुसरा प्रश्न, परिणाम किती लवकर दिसतो. वर्षअखेरीस दिसणारा परिणाम अकरा वर्षांच्या मुलासाठी नसल्यासारखाच. आणि तिसरा प्रश्न मी आईकडे बघून विचारला: “हे काम झालं नाही, तर तुम्हाला बघवेल का?” अभ्यास, औषधं आणि रस्ता ओलांडणं ही तिन्ही याच प्रश्नावर बाद झाली.

दादाला मिळाले त्याचे स्वतःचे शाळेचे कपडे. टोपलीतून मशीनमध्ये, मशीनमधून दोरीवर, दोरीवरून कपाटात, सगळं त्याचं. छोटीला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या रात्री भरून ठेवण्याचं काम. तिचं काम मुद्दाम घराचं निवडलं. जोन ग्रूसेक आणि सहकाऱ्यांच्या १९९६ मधल्या अभ्यासात, इतरांच्या उपयोगी पडणारं काम नेमाने करणाऱ्या मुलांमध्ये इतरांविषयीची आस्था अधिक दिसली होती. फक्त स्वतःचा पसारा आवरण्याचा तसा संबंध दिसला नव्हता. कोणामुळे कोण होतं हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, पण निवड करताना तेवढा इशारा मला पुरला.

या भेटीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. यादी वाचत असलेल्या दादाने विचारलं, “बाबांचं काम कुठलं?”

“मी करतो की मदत,” बाबा म्हणाले.

“मदत तर मीपण करतो.”

खोलीत कोणी काही बोललं नाही. बाबा आधी रागावले असावेत, मग हसले. पुढच्या भेटीला येताना त्यांनी दोन कामं स्वतःच्या नावावर लिहून आणली होती: घरातली सगळी बिलं आणि केर. लक्षात ठेवण्यासकट, हे शब्द त्यांनी खाली रेघ मारून लिहिले होते. या प्रकरणात पुढे जे बरं झालं त्यातला मोठा वाटा मी त्या रेघेला देईन. मशीन लावायला बाबांनाही येत नव्हतं. ते आणि दादा दोघं शेजारी उभे राहून आईकडून दोन सुट्ट्यांच्या दिवशी शिकले.

मोठ्यांसाठी तीन गोष्टी ठरल्या. आठवण करायची नाही. करून द्यायचं नाही. आणि बिघडलं तर “सांगितलं होतं ना” म्हणायचं नाही. पहिल्या दोन जमवता येतात. तिसरी जिभेवर असते.

नवव्या दिवसाची रात्र

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं झालं. आठ दिवस कपडे वेळेवर धुतले गेले. नवव्या दिवशी दुपारपासूनच आईला माहीत होतं की टोपली भरलेली आहे आणि उद्या खेळाचा तास आहे. “टोपलीवरून चार वेळा गेले. हात नुसते शिवशिवत होते,” ती नंतर म्हणाली.

रात्री साडेनऊला दादाने कपाट उघडलं.

“आई, माझी खेळाची पँट?”

“कपाटात नसेल तर टोपलीत असेल.”

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग टोपलीतून पँट काढून हातात धरून आला. “आता मशीन लावू?”

“तुझं तू ठरव. वाळायला किती लागतं ते तुला माहितीये.”

त्याने लावलं. साडेदहाला पिळलेली पँट खुर्चीच्या पाठीवर पसरून पंखा पूर्ण वेगात सोडला आणि झोपायला गेला. खोलीत बाबा कुजबुजले, “अगं, इस्त्री फिरवून देऊ या ना. पहिलीच वेळ आहे.”

“पहिल्याच वेळी दिली तर दुसऱ्या वेळी काय सांगणार?”

सकाळी पँट कोरडी, इस्त्री केलेली, घडी घालून खुर्चीवर. दादा ती चढवून शीळ घालत शाळेत गेला. आईला वाटलं बाबांनी केलं, बाबांना वाटलं आईने. केलं होतं आजीने, पहाटे पाचला उठून.

आईचा फोन आला तेव्हा ती चिडलेली होती. आजीशी तिथल्या तिथे बोलायचं की थांबायचं, हा खरा निर्णयाचा क्षण होता. मी थांबायला सांगितलं, आणि आपली मोठी चूकही तेव्हाच लक्षात आली. आजीला आम्ही एकाही भेटीला बोलावलं नव्हतं. तिच्या घरातले नियम तिच्या पाठीमागे ठरले होते आणि आम्ही तिच्याकडून ते पाळले जाण्याची अपेक्षा करत होतो.

पुढच्या भेटीला ती आली. “माझ्या डोळ्यांदेखत पोरगं ओल्या कपड्यात जाणार आणि मी बघत बसू?” असं तिने मलाच विचारलं. याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. ती पुढे जे बोलली ते जास्त मोलाचं होतं. या नव्या पद्धतीत सगळ्यांना काम मिळालं, तिचं मात्र गेलं. नातवाचं काही करायचं नाही, तर मग घरात तिने असायचं कशाला?

यातून मार्ग आईनेच काढला. “आई, तुम्ही त्याला शिकवा ना. डाग कसे काढायचे, इस्त्री कशी धरायची, मला तरी कुठे धड येतं. फक्त इस्त्री त्याच्याच हातात राहू दे.” आजीने मान्य केलं, स्वतःची एक अट घालून: तो आजारी असला तर ती कोणाला विचारणार नाही. ती अट सगळ्यांनीच मुकाट्याने मंजूर केली.

खिसे

दुसऱ्यांदा तो विसरला तेव्हा कोणीच मधे पडलं नाही. कॉलरला शाईचा डाग असलेला कालचाच शर्ट घालून तो शाळेत गेला. आणि काहीही झालं नाही. कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. आईची निराशा झाली होती, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं. नैसर्गिक परिणामांबद्दल लिहिणारे हे फारसं सांगत नाहीत: पुष्कळदा जग आपल्याला हवा तो धडा शिकवायला रिकामं नसतं.

शिकवलं भलत्याच गोष्टीने. पाचव्या आठवड्यात दादाने पँटच्या खिशात राहिलेला घडीचा कागद मशीनमध्ये धुतला. कागदाचा लगदा झाला आणि गडद रंगाच्या सगळ्या कपड्यांवर पांढरे कण चिकटले. तो जमिनीवर बसून चिकटपट्टीच्या तुकड्याने एकेक कण उचलत होता. अर्ध्या तासाहून जास्त वेळ. आई दारातून बघून परत गेली. आजीने फक्त एवढं दाखवलं की, आधी कपडा पूर्ण वाळू द्यायचा, मग झटकायचा, निम्मे कण आपोआप पडतात.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या झाकणावर कागद चिकटवलेला होता. हिरव्या मार्करने, मोठ्या अक्षरात: ‘खिसे!!’

हे मला आईने फोनवर सांगितलं, तसं काही विशेष नाही अशा सुरात. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना होती. तोवर घरातली प्रत्येक आठवण आईकडून निघत होती. ही त्याने स्वतःसाठी, स्वतःच्या चुकीतून, कोणी न सुचवता बनवली होती. महिनाभरात टोपलीलाही एक चिठ्ठी लागली, त्यावर खेळाच्या तासाचे वार.

छोटीच्या बाबतीत माझी चूक

छोटीला मी तेच नियम लावले, आणि तिथे चुकले.

अकरा वर्षांचं मूल आणि सात वर्षांचं मूल यांच्यातला फरक उंचीपुरता नसतो. पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आपणहून आठवणं, हातातलं सोडून तिकडे वळणं, ही कौशल्यं मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित आहेत, आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. सात वर्षांच्या मुलीला ‘आता तुझं तू आठव’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला मधोमध सोडण्यासारखं आहे.

चौथ्या रात्री ती विसरली. सकाळी बाबांनी रिकामी बाटली उचलली, ठरल्याप्रमाणे काही न बोलता बॅगेत टाकली आणि निघाले. त्यांना वाटलं आपण नियम पाळला. छोटीला त्या न बोलण्यातून दिसलं ते बाबांचं रागावणं. शाळेत जाईपर्यंत ती रडत होती, “बाबांना माझ्यामुळे पाणी नाही.” त्या रात्री तिने तीन वेळा उठून बाटल्या तपासल्या.

आम्ही लगेच मागे आलो. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये शिकवण्यासाठी मचाणाची उपमा वापरली: इमारत उभी राहते तोवर बाहेरून आधार, मग तो हळूहळू काढत जायचा. मी तो आधार एका दिवसात काढला होता. नवी व्यवस्था अशी: रात्री दात घासून झाले की लगेच बाटल्या. वेगळी आठवण नकोच, एका सवयीच्या शेपटीला दुसरी बांधायची. पहिले दोन आठवडे बाबा तिच्यासोबत उभे राहून झाकणं लावायचे. मग फक्त स्वयंपाकघरात असायचे. मग “दात घासून झाले, आता काय गं?” एवढाच प्रश्न. तिच्यासाठी बाटल्याही चारच्या ऐवजी दोनच ठेवल्या, मोठ्या बाटल्या तिला पेलत नव्हत्या हे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं.

“एकवीस दिवसांत सवय लागते ना?” आईने विचारलं. तसं काही नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ प्रौढ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात, नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला काळ मध्यकाने ६६ दिवसांचा होता, पण तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत कुठेही जात होता. ते मोठ्यांचं झालं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी आईला मुद्दाम सांगितली: एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. छोटीच्या घरात एका चुकलेल्या रात्रीचा केवढा गाजावाजा झाला होता.

परीक्षेचे तीन आठवडे

तिसऱ्या महिन्यात दादाची परीक्षा आली आणि आईने मला न विचारता कपडे परत स्वतःकडे घेतले. “तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, त्याला अभ्यास करू दे.” आई म्हणून मला हे पूर्ण समजतं. पण परीक्षा संपल्यावर कपडे परत त्याच्याकडे जायला आणखी तीन आठवडे लागले, भुणभुण आणि वादासकट. कॅलेंडरवरच्या रेघा पुन्हा वाढल्या.

काम हलकं करणं चूक नव्हतं. मोठी माणसंही कामाच्या ताणात एकमेकांचं काम उचलतात. फक्त ती सांगून, ठरवून, परत कधी द्यायचं ते बोलून उचलतात. आईने ते गुपचूप उचललं, आणि दादाने त्यातून वाचलं ते असं की, खरं महत्त्वाचं काहीतरी आलं की कपडे आईचे. त्याने परीक्षेआधीच येऊन ‘तीन आठवडे कपडे तू कर, सुट्टीत तुझं एक काम मी करेन’ असा सौदा केला असता, तर तेही जबाबदारीचंच लक्षण ठरलं असतं. तसा सौदा करता येतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पाच महिन्यांनंतर

दादाचे कपडे आता पूर्णपणे दादाचे आहेत. मधूनमधून चुरगळलेले असतात, पण त्याचे असतात. दप्तराचा गोंधळ जसाच्या तसा, या काळात त्याने दोन वह्या हरवल्या. एका कामात मूल सुधारलं की ते सगळीकडे सुधारेल ही आशा मी सोडून दिली आहे. प्रत्येक काम वेगळं हाती द्यावं लागतं. छोटी आठवड्यातल्या पाचेक रात्री बाटल्या आपणहून भरते. रुमालांच्या घड्या परत सुरू झालेल्या नाहीत. बाबा एकदा बिल विसरले, दंड भरला, आणि त्या दिवशी जेवताना स्वतःहून मुलांना सांगितलं. आई सांगते, दादा तेव्हा फार समजूतदारपणे मान हलवत होता.

रेघा आठवड्याला बारा-पंधरावर आल्या आहेत. आईला मात्र याचा नुसता आनंद झाला नाही. “कधीकधी मशीनसमोर उगाच उभी राहते,” ती म्हणाली. घरातलं सगळं आपल्या डोक्यात असणं हा त्रास होता, पण तो तिच्या घरातल्या स्थानाचा पुरावाही होता. आजीने पहिल्याच दिवशी बोलून दाखवलेली गोष्ट आईपर्यंत यायला पाच महिने लागले.

वेगळं काय करता आलं असतं

आजीला पहिल्या भेटीलाच बोलवायला हवं होतं, हे वर आलंच. दोन्ही मुलांचं काम एकाच दिवशी सुरू करण्याची घाई नको होती. दादाचं सुरळीत झाल्यावर छोटीचं घेतलं असतं, तर तिला दादाकडे बघून निम्मं शिकता आलं असतं. न बोलणं आणि अबोला यांतला फरक मी बाबांना समजावून सांगायला हवा होता. “बाटली रिकामी राहिली गं, मी ऑफिसात भरून घेतो” एवढं वाक्य कोणताही नियम मोडत नव्हतं.

‘करून द्यायचं नाही’ हा नियम आता मी इतका कडक मांडत नाही. दादा रात्री साडेनऊला येऊन “मला मदत करशील?” म्हणाला असता, तर आईने करावी असं मला आज वाटतं. मागून घेतलेली मदत आणि न मागता केलेली सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या नियमात त्यांची सरमिसळ झाली होती आणि घरातलं वातावरण काही आठवडे विनाकारण ताठर झालं.

दादाला मासे परत हवेत. शेवटच्या भेटीत त्याने तसा अर्ज आणला होता, तोंडी नाही, लिहून. त्यात होतं: टाकीच्या डाव्या कडेला कपड्यांचा एक चिमटा लावायचा. खाणं घातलं की घालणाऱ्याने तो उजव्या कडेला न्यायचा. चिमटा उजवीकडे असेल तर आजीनेसुद्धा काही टाकायचं नाही. रात्री चिमटा परत डावीकडे आणायचं काम छोटीचं, दात घासल्यावर.

आईबाबांनी अजून हो म्हटलेलं नाही. माझं मत विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं की, दादा चार दिवस सहलीला गेला तर चिमटा कोण हलवणार, हे अर्जात दिसत नाही. दादाने कागद मागून घेतला आणि तिथेच पेन शोधायला लागला.